राबाचं शेण आणि अणूची वीज

१९७१, फाल्गुनातला रविवार, सकाळ. ओटीवर हजर: सासरे, म्हणजे आबा, थोरले दीर, थोरल्या जाऊबाई, ग्रामसेवक, आणि मी. विषय एकच: गोबरगॅसचा खड्डा यंदा भरायचा की नाही.

खड्डा बांधून तयार होता. लोखंडी टाकी वडगावहून ट्रकने आली होती. जाऊबाईंना धुराने खोकला जडला होता आणि लोणावळ्याच्या डॉक्टरांनी चुलीपासून लांब राहायला सांगितलं होतं. पण पहिल्या भरणाला घरचं सगळं ताजं शेण हवं होतं, आणि ते तर रोज राबासाठी वाळत घातलं जायचं. आमच्याकडे भाताचं बी पेरण्याआधी शेण, पालापाचोळा पसरून ती जागा भाजतात, तो राब.

“गॅस निघाला तरी मळी उरते, आबा. उत्तम खत,” ग्रामसेवक म्हणाले.

“वली मळी पेटती व्हय? का राब तुमच्या कागदानं भाजू?”

मी सुचवलं, निम्मं खड्ड्याला, निम्मं राबाला. ग्रामसेवक म्हणाले, निम्म्या भरणावर गॅस टाकी उचलणारच नाही.

दीर कारखान्यात कामाला होते, पेपर वाचायचे. “तिकडं किनाऱ्यावर अणूची वीज सुरू झालीय. मूठभर इंधनात अख्खं शहर उजळतं. दोन वर्षांत तार दारात येईल, विजेची शेगडी घेऊ. शेण कालवत कशाला बसायचं?”

“तुमी कवा कालवलंय?” जाऊबाई म्हणाल्या. आबासुद्धा हसले. हसता हसता जाऊबाईंना ढास लागली.

ठरलं: यंदा राब, खड्डा पुढच्या वर्षी.

तार आली, पण उशिरा. विजेला दाबच नव्हता; शेगडी लावली की दिव्याची नुसती लाल तार दिसायची. मोठ्या तारा गावावरून मुंबईकडे गेल्या. खड्ड्याचा विषय दर फाल्गुनात निघाला आणि दर फाल्गुनात राब जिंकला.

देशाने अणूवर भर द्यावा की शेणावर, हे ठरवणारे आम्ही कोण? शहरांना ती वीज लागत असेल. वाईट वाटतं ते एवढंच, की लांबच्या विजेच्या भरवशावर दारातलं काम थांबलं.

आता जाऊबाईंना चार पावलांतही दम लागतो. भाकऱ्या मी थापते, त्याच चुलीवर. त्या पडवीतून विचारतात, “टाकी गंजली का गं?”

टाकी गोठ्यामागे पालथी आहे. गंज खरवडायचा, रंग द्यायचा, खड्ड्यातली माती उपसायची, मग भरण. यंदाचा राब परवाच भाजून झाला; आता गोठ्यातलं शेण मोकळं आहे.