साल मला, समाज त्यांना

मी इतिहास शिकवायला लागलो तेव्हा आमच्या कॉलेजात इतिहास आणि समाजशास्त्र यांच्यामध्ये एक लोखंडी कपाट होतं. अलीकडे मी, पलीकडे समाजशास्त्राच्या मॅडम. वाटणी ठरलेली होती: मेलेली माणसं माझी, जिवंत त्यांची. मॅडम म्हणायच्या, "सर, तुमच्याकडे नुसते राजे." मी म्हणायचो, "तुमच्याकडे नुसते तक्ते." दोघांनाही आपणच जिंकलो असं वाटायचं आणि तोवर चहा गार व्हायचा.

मग 'आंतरविद्याशाखीय' हा शब्द वरून आला. प्राचार्यांना तो एका दमात म्हणता येत नव्हता, पण तपासणी समिती यायच्या आत करून मात्र दाखवायचा होता. त्यांनी कपाट हलवलं आणि आम्हा दोघांना एकच प्रकल्प दिला: साखरखेर्ड्याजवळच्या एका गावात पहिली एसटी आली, त्याच्या आठवणी.

गावातले एक म्हातारे शेतकरी बोलायला तयार झाले. गोष्ट जुनी, पण माणूस जिवंत. म्हणजे ते कोणाच्या विषयाचे, यावर आमचा जीपमध्येच वाद झाला. ओसरीवर टेकताच मी विचारलं, "आजोबा, साल कोणतं होतं?" लगेच मॅडम म्हणाल्या, "गाडीत कोणकोणत्या समाजाचे लोक बसले?"

आजोबांनी आम्हा दोघांना निरखलं. "एक साल इचारते, एक जात इचारते. अभ्यास करून राह्यले का सोयरीक जमवून राह्यले?"

ओसरी हसली. आम्ही प्रश्नांचे कागद मिटले, तेव्हा कुठे ते आपल्या चालीनं बोलू लागले.

"माह्या बापाले वाटे, खालच्या वस्तीतले लोक गाडीत उभे राहतीन. कंडक्टरनं त्याइले तिकीट देल्लं अन् बसवलं. बाप माहा रागानं उतरला. पायी गेला बजारले."

"मग?" आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

"मंग काय, ऊन लागलं. पुढच्या बजारले बसला गाडीत. त्याइच्याच शेजारी."

परतताना जीपमध्ये कोणीच भांडलं नाही. मला साल मिळालं नव्हतं, मॅडमना टक्केवारी. तरी त्या माणसाची ती एका बाजाराची पायपीट दोघांच्याही डोक्यातून जाईना.

समितीनं आमचा अहवाल उघडला नाही. मुखपृष्ठावरचा आम्हा दोघांचा फोटो पाहिला आणि 'उत्तम समन्वय' असा शेरा मारला. आम्ही मात्र तेव्हापासून खरोखरच एकमेकांच्या तासाला जाऊन बसतो. पहिल्याच दिवशी शेजारच्या बाकावरच्या पोरानं मला कळवळून विचारलं, "सर, तुमचाबी हा विषय राह्यला काय?"