चौथ्या सीटचे दाजी

राज्यघटना मानणारे देशात पुष्कळ असतील, पण ती रोजच्या कपड्यांसारखी अंगात घालून फिरणारा माणूस मी एकच पाहिला: माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी. आम्हा बौद्धांच्या बऱ्याच लग्नांत घटनेची उद्देशिका वाचली जातेच, पण दाजी तिची फ्रेम आहेर म्हणून द्यायचे आणि स्टेजवरच नवरानवरीला समतेचा अर्थ विचारायचे. उत्तर येईपर्यंत मागची रांग ताटकळायची, जेवण निवायचं. "शाळेच्या पुस्तकात पहिल्याच पानावर छापलीये," ते म्हणायचे, "म्हणून तर सगळे दुसऱ्या पानापासून वाचतात." एकदा मांजर दूध प्यायली म्हणून ताई लाटणं घेऊन धावली, तर दाजी आडवे. "तिची बाजू ऐकल्याशिवाय शिक्षा नाही!" वकील म्हणून मला उभं केलं. मी बाजू मांडत होतो तोवर माझ्या अशिलाने दहीही संपवलं.

पण खरी लढाई शेअर रिक्षातली. विठ्ठलवाडी स्टेशनहून त्यांच्या चाळीकडे येताना तिघं मागे आरामात आणि चौथा ड्रायव्हरशेजारी अर्ध्या बुडावर, एक पाय हवेत. "एकानेच का लटकायचं?" म्हणत दाजी प्रत्येक नाक्यावर सगळ्यांना उतरवून जागा बदलायला लावायचे. मागे हॉर्नचा कल्लोळ. शेवटी रिक्षावाल्यांनी हात जोडले, "दाजी, गप बसायचं तर बसा, नायतर चालत जा ना यार."

दाजी चालत गेले. रोज, भर उन्हात, दुखरा गुडघा घेऊन. ताई रडकुंडीला यायची. "अहो, गप्प बसलात तर काय देश बुडणारे?"

यंदा गुडघ्याने साफ नकार दिला. आता ते दारातल्या खुर्चीवर बसून असतात. परवा म्हणाले, "इतकी वर्षं बोंबललो रे. एकाला तरी कळलं असेल का?"

काल त्यांच्याकडेच निघालो होतो. चौथी सीट माझ्या वाट्याला आली. पहिल्या नाक्यावर मागून कॉलेजातली एक मुलगी उतरली. "काका, मागे जा. आता माझा नंबर." पुढच्या नाक्यावर तिच्या जागी दुसरा गेला, त्याच्या पुढच्यावर तिसरा. मी बघतच राहिलो.

ड्रायव्हर म्हणाला, "या लाईनवर असंच असतं. दाजी उन्हात चालताना दिसायचे ना, पब्लिकलाच कसंतरी व्हायला लागलं. बरेच दिवस दिसले नाय ते?"

हे सांगितलं तेव्हा दाजींनी एवढंच विचारलं, "सगळे उतरले?"

"सगळे."

ते चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले. तेवढ्यात ताई चहा घेऊन आली आणि नेहमीसारखी दाराला टेकून उभी राहिली. दाजी भिंतीला धरून हळूहळू उठले.

"हिला बसू दे आता," म्हणाले. "या घरात चौथ्या सीटवर कायम हीच आहे."

ताई आधी हसली. मग बसली, आणि चहा गार झाला तरी उठली नाही.