मेजर आणि माझा ढोल

बँडवाल्यांकडं किस्से साचतातच. लग्नात आम्हाला कुणी खुर्ची देत नाही, मग उभ्याउभ्या गप्पाच मारायच्या! डीजे यायच्या आधीची, नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. गंगावेशीजवळ आमच्या बँडचा गाळा होता. मी मोठा ढोल वाजवायचो. आणि आमचे निम्मे किस्से मेजरचे. मेजर म्हणजे गाळ्यातला कुत्रा.

*

रियाजाला मेजर माझ्या ढोलाला पाठ टेकून झोपायचा. कानही हलायचा नाही! पण वळवाचं आभाळ गडगडलं की बाकाखाली घुसून लटलटा कापायचा. आमचा ट्रंपेटवाला शामूदा म्हणायचा, "नाव मेजर, आन् ढगाला भितंय येडं!"

*

हुपरीच्या एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना वीज कडाडली. मेजर टेंपोतून उडी मारून थेट अंतरपाटाखाली! मुलीचे मामा ओरडले, "पावणं, हे कुत्रं तुमचं व्हय?"

"आमच्याच बँडचं हाय," आमचे मास्तर म्हणाले. "अक्षता पडूस्तर ऱ्हाऊ द्या की!"

नवरीच हसली, म्हणून निभावलं.

*

मास्तर बँडचे मालक, क्लॅरिनेट वाजवायचे. गडगडाट झाला की ते बँडचा जुना लाल कोट मेजरच्या अंगावर टाकायचे आणि शेजारी फरशीवर बसायचे. "मी हाय की रं," एवढंच म्हणायचे. हळूहळू कापरं थांबायचं.

*

मला ते पटायचं नाही. "लाडानं भित्रा केलाय त्येला! आवाजाची सवय लावाय पायजे!"

एकदा मास्तर नृसिंहवाडीला गेले होते. मी दार लावलं, मेजरला बाकाच्या पायाला बांधलं आणि त्याच्या कानाशी ढोल बडवला. ढग गडगडतो तसा, मधे थांबून, एकदम. आधी त्यानं शेपूट हलवली. ढोल ओळखीचा होता ना! मग तो जागेवरच मुतला. मी तरी थांबलो नाही.

शामूदानं दार ढकललं. "आरं, ढोल वाजिवतोयस का सूड घेतोयस?"

मी हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

*

त्यानंतर मेजरनं माझ्या हातचं बिस्किट घेतलं नाही. मास्तरांना कळलं, पण ते रागावले नाहीत. "ढोल तुझ्या घरी ठेवत जा," एवढंच म्हणाले. बारा वर्षं वाजवत होतो. इतकं कुणी बोललं नव्हतं मला.

*

आठवड्याभरानं दुपारी पुन्हा वळीव आला. गाळ्यात मी एकटाच, ढोल घरी. मेजर बाकाखाली कापत होता. मी लाल कोट त्याच्या अंगावर टाकला, फरशीवर बसलो आणि म्हणालो, "मी हाय की रं."

त्यानं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. मग कोटासकट सरपटत बाहेर आला, दारातून गेला आणि रस्त्याच्या मधोमध पावसात उभा राहिला. डोक्यावर वीज कडाडत होती. तो थरथरत होता, पण आत येईना. मी बिस्किट दाखवलं, हाका मारल्या, हात जोडले.

शेवटी मीच पावसात जाऊन उभा राहिलो. तेव्हा तो आत गेला.