विसाव्याच्या दगडापर्यंतचं वजन

भुताखेतांच्या गोष्टी मला ऐकायला आवडतात, पण जेवण झाल्यावर सुपारी चघळावी तेवढ्यापुरत्याच. नंदुरबारच्या एका कापसाच्या जिनमध्ये मी उभा जन्म फिटर होतो. मशीन बंद पडलं तर बेल्ट तुटलेला असतो, नाहीतर तेल संपलेलं असतं... मशीनला कुणाची दृष्ट लागलेली मी तरी पाहिली नाही. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही मला भगताच्या पाटावर नेऊन बसवाल.

माझा धाकटा भाऊ भिका दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात होता. त्याच्या हाती बंदूक नव्हती, तो जखमींचं स्ट्रेचर उचलायचा. लढाई संपली आणि भिका धडधाकट परत आला. निदान आम्हाला तसं वाटलं. प्रकाशा गावाहून तळोद्याला जाताना तापीच्या अंगाला आमचं गाव. मायनं वेशीवरच त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, गळ्यात पडून रडली, आणि मग तिचं लक्ष त्याच्या हातांकडे गेलं.

मुठी उघडत नव्हत्या. उभा राहिला की दोन्ही हात खाली ताठ, बोटं वळलेली, गुडघे जरासे वाकलेले. चालायचाही तसाच, समोर बघत, बारीक पावलं टाकत. झोपेत बोटं सैल पडायची, जागा झाला की पुन्हा तेच. माय त्याला घास भरवायची. त्याची मुलगी गंगू तो लढाईवर गेल्यानंतर जन्मलेली. तिला त्यानं एकदाही उचललं नव्हतं. पोर जवळ आली की म्हणायचा, "मन्हा हात रिकामा नही शेतस."

तळोद्याच्या डॉक्टरांकडे नेलं. चांगला माणूस. हाड, शीर, सगळं तपासून म्हणाले, "हात ठणठणीत आहेत. लढाईवरून आलेल्यांचं असं होतं. याला बोलतं करा." झोपेचं औषध दिलं. शेक झाला, मोहाच्या तेलाची मालिश झाली, मायच्या हट्टापायी भगतही झाला. भगताला मी शिव्या घातल्या, पण गुण कशानंच आला नाही.

तेवढ्यात अखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली. या सणाला आमच्याकडे सगळ्याच लेकी माहेरी जातात. पण भिकाचे सासरे बैलगाडी घेऊन आले ते स्पष्टच बोलले, "पोरले लई जासू, ते परत धाडाव नही." त्यांचं तरी काय चुकलं म्हणा! भिकाची बायको सखू बोचकं बांधायला लागली. अखजीला जाणारी लेक दोन लुगडी नेते... सखूनं गोधड्याही बांधल्या. म्हणजे ती कायमची निघाली होती.

त्याच दुपारी मी भिकाला घेऊन पडवीत बसलो. म्हटलं, बोल बाबा, डॉक्टर म्हणतो बोल. तो एकदम बोलला.

"मी पुढे व्हतो दादा. डोंगर उतरी ऱ्हायंतूत. स्ट्रेचरवरला मानूस म्हने, जरासा ठेव रे भाऊ... ठेव. साहेब म्हने, थांबानं नही. मंग तो गप व्हयी गया. खाले पोचनूत ते लोकेस्नी मन्हा हातमाईन स्ट्रेचर परस्पर लई लिधं. मरी जायेल व्हता तो. मी त्याले ठेवाच नही, दादा. मी त्यानं तोंडबी दखं नही."

माय आत धान्य पाखडत होती. सूप थांबलं.

"त्याले कोनी इसावाच दिन्हा नही," ती म्हणाली. "तो आजून याना हातवर शे."

आमच्याकडे तिरडी निघाली की वाटेत एका दगडापाशी खाली टेकवतात. तो विसावा. तिथं पुढचे मागे होतात, मागचे पुढे, आणि मग पुन्हा उचलतात. आणि परमुलखात मेलेल्याचा देह मिळाला नाही, तर पळसाच्या पानांचा पुतळा करतात. मायनं ठरवलं, त्या माणसाचं हे करायचं. एरवी मी हसलो असतो. पण समोर त्या गोधड्या होत्या.

"नाव काय लेवानं?" मी विचारलं.

"माहीत नही," भिका म्हणाला.

"मंग भाऊ म्हन," माय म्हणाली.

हिंदू की मुसलमान, तेही ठाऊक नव्हतं. म्हणून जाळायचंही नाही, पुरायचंही नाही, तापीत सोडायचं ठरलं.

सकाळी मीच तिरडी बांधली. दोन बांबू, पळसाची पानं, वर जुनं धोतर. परसातून अंगणात मी ती एकट्यानं, एका खांद्यावर आणली. हे नीट ध्यानात ठेवा. भिका खांदा द्यायला तयार होईना. मग पुढचे दोन्ही बांबू मी त्याच्या वळलेल्या मुठींत सरकवले, स्ट्रेचरसारखे. मागचे मी धरले.

वेशीपर्यंत काही नाही. वेस ओलांडली आणि वजन यायला लागलं. लोखंडी चाकं, शाफ्ट उचलण्यात माझं आयुष्य गेलं. हातांना वजन कळतं. ते बांबूचं वजन नव्हतं. ते एका माणसाचं होतं, आणि पायांपेक्षा डोक्याकडे, म्हणजे माझ्या बाजूला, जास्त. बांबू करकरायला लागले. माझे खांदे उखडायला आले, घामानं डोळे झोंबत होते. बोलायची लाज वाटत होती, कारण पानं तर मीच बांधली होती! शेवटी राहवेना. तोंडातून निघालं, "जरासा ठेव रे भाऊ... ठेव."

भिका जागीच थांबला. दगड समोरच होता. मागे न बघता तो म्हणाला, "इसावा उना, भाऊ. ठेवस."

आम्ही टेकवलं. धुळीत बांबू रुतले. मग रीतीप्रमाणे भिका मागे आला, मी पुढे गेलो. पहिल्यांदाच तो तिरडीकडे तोंड करून उभा राहिला. बघत राहिला. त्याला काय दिसलं ते मी कधी विचारलं नाही. त्यानं वाकून धोतराची घडी सारखी केली — उघड्या बोटांनी.

"चाल दादा."

मघाच्या अंदाजानं मी जोर लावला आणि तिरडी एकदम डोक्यावर उडाली! पुतळा घरंगळला, पानं विखुरली, मी कोलमडलो. भिका हसला... आणि हसता हसता रडायला लागला. मीही रडलो. मग दोघांनी पानं गोळा करून तापीत सोडली.

घरी गाडी जुंपलेली होती. गोधड्या वर चढल्या होत्या, गंगू आईच्या लुगड्यामागे. भिका सरळ गेला आणि पोरीला उचलून घेतलं. ती किंचाळली, मग त्याच्या मिशीला हात लावून बघायला लागली.

सखू गाडीत बसली नाही, गोधड्या तेवढ्या खाली उतरवल्या. व्याह्यांनी बैल सोडले आणि कुणी न विचारताच चहा मागितला.

डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, मनाचा खेळ. असेल. भिकाच्या मनाचा असेल, कबूल. पण बांबू माझ्याही हातात होते, आणि माझ्या मनाला तर कसला आजार नव्हता. ते वजन कुठून आलं, याचा उलगडा मला आजवर झालेला नाही. मला आठवतं ते एवढंच, की त्या दिवशी भिका लेकीला हातांवर तोलत माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "दादा, कितली हलकी शे रे हाई!"