लाल पापड

आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. म्हणून लगेच लिहायला बसावं, हा आगाऊपणा आहे, माफी असावी. पण तळणीतला एक लाल पापड मनातून जात नाही.

पाळीतल्या बाईचा हात लागला की पापड तळताना लाल होतो, असं आमच्याकडे मानतात. तो पापड लाल झाला तशी आईनं वहिनीकडे पाहिलं. वहिनी म्हणाली, "आत्याबाई, मी शिवलेच नाही." ते कुणाला खरं वाटलं नाही.

मी विचार करत राहिलो. लाल पापड लक्षात राहतो, पांढरे खाऊन संपतात. मग मोजतं कोण?

पुढच्या खेपेला वहिनीची पाळी असताना मी आईला विचारूनच प्रयोग मांडला. प्रत्येक पापडासाठी नाणं उडवायचं. छापा पडला तर वहिनीनं पापडाला हात लावायचा, काटा पडला तर नाही. मग दोन सारखे डबे; कोणता कुठला, ते फक्त मला ठाऊक.

"नापास कोण होणार रे, पापड की मी?" आई म्हणाली.

तळण व्हायच्या आत सुट्टी संपली. वसतिगृहात मी वाट पाहत राहिलो. शेवटी वहिनीचा फोन आला. दोन्ही डब्यांत सारखेच लाल निघाले होते. आई एवढंच म्हणाली होती, "उडीदच वाईट असतील."

"आणि भावजी, आज माझा दुसरा दिवस आहे," वहिनी म्हणाली. "आत्याबाईंनी पापड लाटायला बोलावलंय. ठेवते, हाताला पीठ आहे."