नववं नाव

“गो, माझ्या यादीत बारा नावां आसत. जेटीर माणसां वीस. बाकीची नावां खंय गेली?”

सकाळी नऊला देवबागहून बाबलकाकांचा फोन. काका तिथल्या होडीवाल्यांच्या गटाचे प्रमुख. त्यांचं बुकिंग ॲप मी कुडाळच्या ऑफिसात बसून बनवलेलं.

ॲपचे दोन मॉड्यूल, म्हणजे स्वतंत्र भाग: होमस्टे आणि होडी. प्रत्येकाचा डेटाबेस वेगळा. डेटाबेस म्हणजे नोंदींचं कपाट समजा. कुठल्या भागाने कुठल्या कपाटातून वाचायचं आणि कुठल्यात लिहायचं, हे एका सेटिंग फाइलमध्ये असतं.

आदल्या संध्याकाळी मी अपडेट टाकला होता. फाइल उघडली. होडीची ‘लिहायची’ ओळ गळाली होती. अशा वेळी ॲप तक्रार करत नाही. मुकाट्याने ‘डीफॉल्ट’, म्हणजे काहीच सांगितलं नसेल तेव्हाच्या, कपाटात नोंद टाकतं. आमचं डीफॉल्ट होमस्टेचं. त्यात होड्यांचा जुना खण अजून तसाच होता. नवी नावं त्यात गेली आणि काकांची यादी मात्र होडीच्याच कपाटातून वाचत राहिली.

आमच्या ऑफिसच्या सरांना फोन केला. “कालचा बॅकअप चढव,” ते म्हणाले.

“सर, ती जुनी प्रत चढवली तर संध्याकाळनंतरची नावं कायमची जातील. चूक माझी आहे. वीस मिनिटं द्या.”

काकांना म्हटलं, “होडये सोडा. नावां मी मागसून घालतंय.”

“नावाशिवाय माणूस घेवचंय नाय,” काका शांतपणे म्हणाले. “माझ्या भावाची होडी उलाटली, तेव्हा आत किती माणसां होती ताच कोणाक म्हायत नव्हता. कितक्यांका शोधूचा, सांग.”

मी कामाला लागले. फोनमध्ये मागे पर्यटकांचा आरडाओरडा ऐकू येत होता. काकांनी वही काढली आणि राहिलेल्यांची नावं स्वतः लिहायला घेतली.

मी चुकलेल्या नोंदी शोधून होडीच्या कपाटात हलवल्या. मोजल्या, तर नऊ.

“काका, तुमच्या वहीत किती?”

“आठ.”

दोन्ही याद्या ताडून राहिलेलं नववं नाव वाचून दाखवलं. काकांनी जेटीवर हाक मारली. कोणी ओ दिली नाही. मग ते होड्यांकडे गेले. पुढची जागा मिळावी म्हणून एक आजोबा आधीच होडीत जाऊन बसले होते. कानाने कमी, अंगात लाइफ जॅकेट नाही.

काकांनी त्यांना जॅकेट घातलं, पट्टे आवळले. होड्या पाऊण तास उशिरा सुटल्या. सगळे परत आले. मला कोणी बोललं नाही, तेच जास्त लागलं.

आता मी डीफॉल्ट रिकामं ठेवते. कपाटाचं नाव नसेल, तर ॲप सुरूच होत नाही. चूक होणारच, ती ओरडून व्हावी, एवढं आपल्या हातात असतं.