खंगाळलेल्या बाटल्या

"ताटं हितंच ऱ्हाऊ द्या पावणं. मावशीकडं दिली तर कंपनीगत माजं हाटेल बी धुऊन टाकंल."

गल्ल्यावरचा मालक हे माझ्याशी बोलत नव्हता. माझ्या मागच्या बाकावर चिलापी मासे खात बसलेल्या ट्रकवाल्यांना तो हसवत होता, आणि ते हसलेही. चुलीपुढे पाठमोऱ्या बसलेल्या बाईंनी हातातली भाकरी न थांबता तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. ती पाठ मी ओळखत होते. त्याच पाठीसाठी मी भिगवणला एसटीतून उतरले होते.

त्याआधी तीनदा मी याच हॉटेलसमोरून गेले होते. गाडी स्टँडवर थांबायची, खिडकीतून चुलीचा धूर दिसायचा, एकदा तर त्यांचा हिरवा पदरही दिसला. तीनही वेळा मी बसून राहिले. आता मला बंगळूरला नोकरी लागली होती आणि या रस्त्याने पुन्हा कधी येणं होईल याची खात्री नव्हती.

"काय धुतलं वं हिनं?" एका ट्रकवाल्यानं विचारलं.

"सणसरकडं एक कंपनी हुती शेवाळाची. तितल्या सायबाच्या बाटल्या हिनं कुनाला न इचारता धुतल्या. कंपनीला कुलूप!"

"शेवाळाची कंपनी?" ट्रकवाल्याला ते जास्त मजेशीर वाटलं. "आमची म्हातारी हौदातलं शेवाळ काढून काढून मेली, अन् हितं लोक लावत्यात व्हय?"

खरं तर आम्ही शेवाळच लावत होतो. बारामती-इंदापूर रस्त्यापासून आत, उसाच्या फडांच्या मधोमध एक पत्र्याची शेड आणि तिच्यापुढे सिमेंटचे चार लांब, उथळ हौद. त्यांत हिरवंगार पाणी, आणि ते सतत फिरवत ठेवणारी लोखंडी चाकं. मी नुकतीच मायक्रोबायॉलॉजी शिकून बारामतीला आईवडिलांकडे परतले होते. शाळा पुण्याची, हॉस्टेलची, इंग्रजी माध्यमाची. तिथे मराठी बोललं की बाकावर उभं राहावं लागे. घरात मराठी बोलत असू, पण ते चार खोल्यांपुरतं. एकोणसाठ म्हटलं की मला आधी मनात आकडा उभा करावा लागायचा. त्यामुळे बाहेर मी कमी बोलायची. समोरचा काय म्हणाला हे कळलं नाही तर मान हलवायची. मान हलवली की बहुतेक वेळा माणसं पुढे जातात, हे मी लहानपणीच शिकले होते.

मावशी त्या शेडमध्ये माझ्याआधीपासून होत्या. त्यांच्या सासऱ्यांपर्यंत घरात मेंढरं होती. मग मेंढरांचा वाडा मोडला, थोडी शेती आली, आणि मावशी आमच्याकडे कामाला लागल्या. पहिल्या आठवड्यात मी त्यांना सूक्ष्मदर्शकातून एक थेंब दाखवला. आत हिरवे, स्प्रिंगसारखे पीळ पडलेले धागे होते. त्यांनी एक डोळा मिटला, बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाल्या, "अगं बया, ही तर कातरलेली लोकर!" मग स्वतःशीच, "म्हंजी मेंढरंच राखायची म्हना की. पाण्यातली."

त्यानंतर त्या हौदाला कळपासारखंच वागवू लागल्या. मी सकाळी यंत्र बुडवून पाण्यातला क्षार मोजायची. त्या हात बुडवून बोटं चोळायच्या, वास घ्यायच्या. "आज रुसलंय," म्हणायच्या. माझं यंत्र तेच दुपारपर्यंत सांगायचं. काढणीच्या वेळी आम्ही दोघी कापडाची दोन टोकं धरून पाणी गाळत असू. खाली राहिलेला हिरवा लगदा जाळीवर थापून वाळवला तर आतून ओला राहायचा, वास मारायचा. एका सोमवारी मावशी घरचा सोऱ्या घेऊन आल्या आणि त्यातून लगद्याच्या शेवया पाडल्या. दुपारपर्यंत कडकडीत वाळल्या. जाळीवर हिरव्या कुरडया पसरल्यासारखं दिसत होतं. कंपनी चालवणाऱ्या साहेबांनी त्याचा फोटो काढून पुण्याला, पैसे घालणाऱ्या माणसांना पाठवला. फोटोत सोऱ्या होता, मावशी नव्हत्या.

ही भुकटी कोंबड्यांच्या खाद्यात घालतात, तिने अंड्याचा बलक केशरी होतो. पण साहेबांच्या मनात त्याहून मोठी गोष्ट होती. साखर कारखान्याच्या डिस्टिलरीतून मळीचं काळं पाणी निघतं. ते कुठेच खपत नाही. खड्ड्यात साठवा, ओढ्याला जातं, जमिनीत मुरतं. त्या पाण्यात भरपूर खाणं असतं, फक्त ते खाणारं कुणी नसतं. आमच्या शेवाळाला ते खायला शिकवायचं, म्हणजे काळं पाणी निवळेल आणि वर कोंबडीखाद्याच्या कारखान्यांना कच्चा मालही मिळेल.

ते काम माझ्याकडे होतं. संक्रांतीनंतर मी सहा बाटल्या वेगळ्या काढल्या आणि त्यांत त्या पाण्याचा एक एक थेंब टाकायला सुरुवात केली. थेंब जास्त झाला की शेवाळ पांढरं पडून तळाला बसायचं. मग मागे यायचं, पुन्हा थेंब. गौरी-गणपतीपर्यंत त्या बाटल्या चहासारख्या काळपट झाल्या होत्या, पण उजेडाला धरलं की आतून हिरव्या दिसायच्या. ते जगायला शिकलं होतं.

मावशींच्या वस्तीवरची विहीर तशाच रंगाची होती. "आमच्यात चहाला पत्ती लागत न्हाय," असं त्या हसत सांगायच्या. प्यायचं पाणी दोन शेतं ओलांडून आणायच्या. या बाटल्यांचं काय चाललंय हे मला त्यांना सांगायचं होतं. पण साहेबांशी मी त्याबद्दल इंग्रजीत बोलायची, आणि मराठीत ते सांगायला वाक्य मिळत नव्हतं. एकदा त्यांनी विचारलंही, "ह्या काळ्यात काय हाय वं?" मी म्हणाले, "ट्रायल आहे." त्यांनी मान डोलावली. बहुधा तीही माझ्यासारखीच मान होती. मी ठरवलं, नीट जमलं की सांगायचं. रात्री अंथरुणावर पडले की वाक्य जुळवायची: मावशी, हे शेवाळ तुमच्या विहिरीतलं काळं पाणी पिणार आहे.

बाटल्या दिवसातून दोनदा हलवाव्या लागत, म्हणजे शेवाळ तळाला बसत नाही. मी मावशींना बाटलीची मान धरून ती गोल फिरवून दाखवली होती. त्या म्हणाल्या, "म्हंजी खंगाळल्यावानी." मला तो शब्द फार आवडला. त्यात पाण्याचा आवाज होता. खंगाळणं म्हणजे बाटली गोल फिरवणं, असं मी धरून चालले. रजिस्टरमध्ये रोज इंग्रजी अक्षरांत लिहायची: बाटल्या दोनदा खंगाळल्या. मावशींकडून मिळालेला तो माझा पहिला शब्द होता, आणि तो मी चुकीचा घेतला होता.

नवरात्राआधी तिकडच्या बायका घरातलं सगळं धुऊन काढतात. गोधड्या, डबे, भिंती, काही सोडत नाहीत. मावशी दोन दिवस शेडही धूत होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले होते.

"म्याडम, त्या काळ्या बाटल्या खंगाळून घिऊ का? घट बसायचंत."

मी डोळा न काढता मान हलवली.

"समद्या?"

पुन्हा हलवली.

थोड्या वेळाने उठले तेव्हा सहाही बाटल्या उन्हात फळकुटावर पालथ्या घातलेल्या होत्या. इतक्या स्वच्छ, की त्यांतून पलीकडचा ऊस दिसत होता.

साहेब दुपारी आले. ते ओरडले नाहीत, खुर्चीत बसले फक्त. दुसऱ्या कपाटात एक जादा बाटली ठेवावी असं मला कितीदा वाटलं होतं, ठेवली नव्हती. साहेबांनी मावशींना विचारलं, "कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. फार नाही, पदर सावरायला लागतो तेवढाच वेळ. मी समोरच्या रजिस्टरकडे पाहिलं. त्यावर माझ्याच अक्षरात तो शब्द होता, आदल्या दिवसाचा, त्याच्या आदल्या दिवसाचा, पानभर.

"कुणी न्हाय सायेब," मावशी म्हणाल्या. "घट बसायचं म्हून मीच धुतल्या."

कधीतरी माझ्या हातून काचेचं भांडं फुटलं होतं, तेव्हाही त्यांनी काचा गोळा करता करता सांगितलं होतं, "मी फोडलं म्हना. तुमची चूक कागदावर चढती. आमची काय, वाऱ्यावर जाती." तेव्हा मी हसले होते. या वेळी मी काहीच केलं नाही. मावशींनी सोऱ्या धुतला, पिशवीत घातला आणि उसातल्या वाटेने गेल्या. मी खिडकीतून पाहत होते. हाक मारायला मराठी किंवा इंग्रजी कुठलीच भाषा लागली नसती.

पुन्हा थेंब टाकायला सुरुवात केली. शेवाळ पांढरं पडायचं. हात तेच होते, पाणी तेच होतं, पण सकाळी बोटं चोळून ते रुसलंय की नाही हे सांगणारं कुणी नव्हतं. पुण्याची माणसं यायची थांबली. पुढच्या उन्हाळ्यात शेडला कुलूप लागलं. मावशी भिगवणला बहिणीकडे गेल्याचं कुणीतरी सांगितलं.

मला त्या शेडची आठवण येते म्हणजे नेमकं कशाची येते हे सांगणं अवघड आहे. सकाळच्या ओल्या, गवतासारख्या वासाची. कापडाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या ओढीची. आपण पीळ द्यावा आणि समोरून तेवढाच उलटा पीळ यावा, त्याची. त्या वर्षात मी एकूण किती वाक्यं बोलले असेन? पण तेवढी गप्पिष्ट मी पुन्हा कधी झाले नाही. आईच्या स्वयंपाकघरात कुणी तांब्यात पाणी घालून हिंदकळवलं की मी वळून पाहायची. मावशींच्या त्या शब्दाचा खरा अर्थ मला बाटल्या धुतल्या गेल्यावर तिथेच, आईकडून कळला होता. ती म्हणाली, "अगं, खंगाळणं म्हणजे आतून धुऊन ओतून टाकणं. एवढंही येत नाही?"

तर मी त्या हॉटेलात बसले होते. मागे ट्रकवाल्यांचं हसणं चालू होतं. मावशींनी भाकरी उतरवली आणि ती कुणाला द्यायची हे पाहायला मागे वळल्या.

"अगं बया! म्याडम!"

त्या उठल्या, पिठाचे हात तसेच. ते माझ्या तोंडाला लावता येईनात म्हणून मनगटानं गालाला स्पर्श केला. "किती वाळलीस गं. आई खायला घालत न्हाय व्हय?" कंपनीत त्यांनी मला कधी अगंतुगं केलं नव्हतं.

"मावशी, मी तुम्हाला भेटायला..."

"आधी बस. जेव. थांब, तांब्या खंगाळून आणती."

त्या रांजणाकडे गेल्या. तांब्यात पाणी घेतलं, गोल फिरवलं, बाहेर फेकलं. अगदी साधी गोष्ट.

"वळखीच्या हायत व्हय?" गल्ल्यावरून मालकाने विचारलं.

"आमच्या कंपनीतल्या म्याडम हायत." त्यांच्या आवाजात अभिमान होता. मला तो सहन होईना.

"मंग बरं झालं! आता खरं काय त्ये समजंल." मालक गल्ल्यावर पुढे झुकला, ट्रकवाल्यांकडे पाहून डोळे मिचकावले. "म्याडम, तुमीच सांगा. ही म्हंती, मी इचारल्याबिगर कवा कशाला हात लावत न्हाय. दोन वरीस झालं त्येच ऐकतुय. मंग त्या बाटल्या कशा धुतल्या?"

म्हणजे इथे त्यांनी सांगितलं होतं. माझं नाव न घेता, एवढंच, की मी विचारल्याशिवाय हात लावत नाही. आणि दोन वर्षं कुणी विश्वास ठेवला नव्हता. त्यांची चूक वाऱ्यावर गेली नव्हती. सणसरहून भिगवणपर्यंत त्यांच्याआधी येऊन बसली होती.

"जाऊ द्या की त्ये," मावशी घाईने म्हणाल्या, आणि तांब्या माझ्यापुढे ठेवला. "जेवू द्या पोरीला. लांबनं आलीया."

पुन्हा त्यांनी मला वाट करून दिली होती. मान हलवली असती तर हसणं आपोआप थांबलं असतं, भाकरी आली असती, मी जेवून पाचच्या गाडीने गेले असते. मी उभी राहिले. बाक मागे सरकला त्याचा मोठा आवाज झाला. ट्रकवाले माझ्याकडे पाहू लागले. माझ्याजवळ जुळवलेलं वाक्य नव्हतं.

"मावशींनी विचारलं होतं," मी म्हणाले. "दोनदा विचारलं. मला खंगाळणं म्हणजे काय ते माहीत नव्हतं, आणि मी मान हलवली. साहेबांनी विचारलं तेव्हा गप्प बसले. कंपनी यांनी नाही धुतली. मी धुतली."